धावतानाचा विसावा

दिल्लीतील जुने महाराष्ट्र सदन ज्या रस्त्यावर आहे, त्याला कोपर्निकसचे नाव दिलेले आहे. हा खगोलशास्त्रज्ञ पोलंडमधील फ्रॉमबोर्कच्या कॅथेड्रलचा कॅनन होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मांडणारा त्याचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. (१६१६ साली चर्चनेच तो रोखून धरला, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे.)

पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, तरी सूर्यापासून दुरावत नाही. मग देवाच्या ठायी विसावा म्हणजे हालचाल थांबणे, असे का मानावे? आगमनकाळात रंगरंगोटी, फराळ, खरेदी यांनी आपण थकतो आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत पेंगतो. दोष श्रमांचा नाही. ते कोणाभोवती फिरतात, हा प्रश्न आहे. शेजाऱ्याहून आपला गोठा सरस ठरावा, या ईर्ष्येत विसावा कोठून लाभणार? पवित्र मरिया देवदूताचा निरोप ऐकून बसून राहिली नाही. डोंगराळ प्रदेशातील अलीशिबेकडे ती लगबगीने निघाली. यशया संदेष्टाही प्रभूची वाट पाहणाऱ्यांना धावताना दाखवितो.

सरकारी कामासाठी सदनात उतरलेला एखादा भाविक गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये अर्धा तास बसून येतो. त्याची फाइल जागची हललेली नसते. दुसऱ्या दिवशी कारकुनाशी तो न चिडता बोलतो, एवढेच.