खाऱ्या सागरातील गोड तीर्थे



काशीची यात्रा रामेश्वरावाचून पूर्ण होत नाही, ही आपल्याकडील पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. सेतूची वाळू प्रयागी गंगेत अर्पण करावी आणि गंगाजल आणून श्रीरामनाथस्वामींस अभिषेक करावा, असा हा क्रम. या यात्रेत रित्या हाताने कोठे जाणे नाही आणि रित्या हाताने परतणेही नाही.

तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यातील पांबन बेटावर हे ज्योतिर्लिंग आहे. १९१४ साली रेल्वेचा पूल झाला. तोवर यात्रेकरूस नावेनेच खाडी ओलांडावी लागे. बेट वाळूचे आणि प्रवाळखडकाचे. मंदिरास लागणारा कठीण पाषाण तेथे नाही. तरीही सेतुपती राजांच्या आश्रयाने अठराव्या शतकात पूर्ण झालेल्या बाह्य प्राकारात सुमारे १,२०० स्तंभ आज उभे आहेत. त्यांतील एकेक शिळा पाण्यावरून आली आहे. त्या ओवरीतून घाईने चालू नये.

गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत. हनुमंतास कैलासाहून येण्यास विलंब झाला, म्हणून सीतामाईने वाळूचे लिंग घडविले, ते रामलिंग. मारुतिरायांनी आणलेले ते विश्वलिंग. प्रथम पूजा विश्वलिंगाची व्हावी, ही प्रभूंची आज्ञा. उशिरा पोहोचलेल्याच्या श्रमांचा असा मान अन्यत्र क्वचितच दिसेल! येथील पुजारी परंपरेने मूळचे महाराष्ट्रीय, हेही आपल्या यात्रेकरूंस ठाऊक असावे.

आता मंदिराच्या आवारातील बावीस तीर्थांविषयी. अग्नितीर्थ म्हणजे प्रत्यक्ष समुद्र. तेथे स्नान करून ओलेत्याने या विहिरींवर जावयाचे. चहूकडे क्षारजल, आणि काही पावलांवर विहिरीत गोडे पाणी! हा ईश्वरी प्रसाद खराच, परंतु त्याची घडणही समजून घ्यावी. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्याने खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. उपसा अधिक झाला की खारे पाणी वर चढते. म्हणून बेटावर पाणी जपून वापरणे हा केवळ व्यवस्थेचा नियम नव्हे. ते आपले व्रतच आहे. निवासस्थानी नळ वाहता ठेवून तीर्थस्नानाचे पुण्य मागणे शोभत नाही.

श्रीएकनाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वरासाठी खांद्यावर आणलेले गंगाजल त्यांनी तापलेल्या वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. सोबतचे हळहळले, नाथांचा मात्र अभिषेक तेथेच पूर्ण झाला. ही कथा सर्वांना आवडते, पण आपली कावड उतरवण्याचा प्रसंग आला की ती आठवत नाही. स्वामी विवेकानंदांनी १८९७ च्या जानेवारीत याच रामेश्वराच्या मंदिरात भाषण केले, तेव्हा दीनदुबळ्यांत शिव पाहणे हीच खरी पूजा, असा त्यांचा आशय होता. दोघांमध्ये तीनशे वर्षांचे अंतर, आणि बोलणे एकच.

दात्यांनी याचा विचार करावा. शिळेवर नाव कोरण्यासाठी दिलेले दान निषिद्ध नाही. तथापि पाणपोई, आटलेल्या तळ्याचा गाळ काढणे, वृद्ध यात्रेकरूंची सोय यांसाठी दिलेले द्रव्यही त्याच पिंडीवर पडते.

धनुष्कोडीस अवश्य जावे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने हे गाव बुडवले. प्रवाशांनी भरलेली आगगाडीही समुद्राने नेली. ते भग्न स्थानक म्हणजे सहलीची जागा नव्हे. क्षणभर हात जोडून उभे राहावे.

अभिषेकाचे गंगाजल पुजाऱ्यांच्या हाती द्यावे. दक्षिणेच्या रीतीप्रमाणे भक्तांस गाभाऱ्यात प्रवेश नसतो. तीर्थस्नानानंतर कोरडी वस्त्रे नेसूनच दर्शनास जावे. बाविसावे ते कोटितीर्थ. तेथील जल घरी नेण्याचा प्रघात आहे. त्यासाठी लहानशी कुपी पुरते.