वाद्य अशुद्ध असतें काय?



गेल्या नाताळांत आमच्या मंडळींतील एका तरुणानें आपल्या मोबाइलवर आम्हांस एक अमेरिकन वाद्यसंगीत ऐकविलें. गीतें नाताळाचीं, पुष्कळ जुनीं. परंतु ऑर्गनच्या जागीं पितळी वाद्यांचा मोठा गजर आणि ढोलांचा ठेका. शेजारीं बसलेले एक वडील उठले व म्हणाले, "पाळकसाहेब, प्रभूच्या जन्माचें गाणें यांनीं नाचघरांत नेलें!" आम्हींही घाईनें त्यांचीच री ओढली. तरुण मान खालीं घालून गेला व पुढील दोन रविवारीं उपासनेस आला नाहीं. तेव्हां आमच्या मनास प्रश्न टोंचूं लागला: एखादें वाद्य किंवा एखादी चाल मुळांतच अशुद्ध असते काय?

तें संगीत १९६१ सालचें, स्टॅन केंटन यांच्या वाद्यवृंदाचें होतें. अशा वृंदास बिग बँड म्हणतात. पंधरावीस वादक ट्रंपेट, ट्रॉम्बोन, पियानो, ढोल इत्यादि वाद्यें जाझ पद्धतीनें वाजवितात. असे वृंद नाचघरांतच वाढले, हें खरें. परंतु या गीतांपैकीं बहुतेकांची वाद्यरचना करणारे रॅल्फ कार्मायकेल हे एका पाळकाचे पुत्र होते, व त्यांनीं आपलें आयुष्य ख्रिस्ती संगीतासाठीं वेंचिलें. हें थट्टेखोराचें काम नव्हे.

शिवाय "कॅरोल" हा शब्द तरी कोठून आला? मध्ययुगीन युरोपांत लोक हातांत हात धरून, फेर धरून नाचत व गात, त्या नाचाचें तें नांव. चार्ल्स वेस्लीनें १७३९ सालीं लिहिलेलें देवदूतांच्या घोषाचें गीत आज सर्वत्र ज्या चालीवर गातात, ती मेंडेल्सन यानें १८४० सालीं मुद्रणकलेच्या उत्सवासाठीं रचिली होती. पवित्र शब्दांस ती शोभणार नाहीं, असें खुद्द त्याचेंच मत होतें! तरी १८५५ सालीं दोघांची गांठ पडली, आणि आज त्या चालीस ऐहिक कोण म्हणतो?

आणखी एक गोष्ट आम्हांस लाजविते. जाझ हें अमेरिकेंतील काळ्या लोकांत, गुलामांच्या नातवंडांत जन्मलें. त्यांच्यांतीलच थोर वादक ड्यूक एलिंग्टन यांनीं १९६५ च्या २६ डिसेंबरला न्यूयॉर्क येथील एका प्रेस्बिटेरियन मंदिरांत आपल्या वाद्यवृंदानें देवाची स्तुति केली. पुढल्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील बॅप्टिस्ट पाळकांच्या परिषदेनें त्यांच्या तशाच कार्यक्रमास पाठिंबा नाकारला. ते पाळक आमच्यासारखेच सद्भावी असतील.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. ज्या हातांनीं हलगी वाजविली त्या हातांस गांवानें अस्पृश्य म्हटलें. मग हलगीही विटाळली. प्रभूनें ते हात धरिले, तरी हलगी मात्र आपण मंदिराच्या दाराबाहेरच ठेविली! यापो येथें पेत्रास जो दृष्टान्त झाला, तो केवळ अन्नाविषयींचाच होता काय?

मग सर्व कांहीं चालेल काय? नाहीं. दोन प्रश्न विचारावे. ऐकून झाल्यावर मनांत गव्हाणींतील बाळ राहतें कीं वादकाची करामत? आणि मागें बसलेल्या, अक्षरशत्रु म्हाताऱ्या आईस तें गातां येतें काय? बिग बँडचें संगीत बहुधा घरीं ऐकावयाचें, मंडळीनें गावयाचें नव्हे. परंतु जेथें ऑर्गनही मंडळीचा आवाज दडपतो, तेथें त्यासही हाच दोष लागतो.

आम्ही त्या तरुणाच्या घरीं जाऊन आपली चूक कबूल केली. त्याचे आजोबा हलगी वाजवीत असत. ती अद्याप आढ्यास टांगलेली आहे. येत्या नाताळांत ती खालीं काढावी, असें त्याच्यापुढें व त्या वडिलांपुढें आम्हीं सुचविलें आहे. वडील अजून कांहीं बोलले नाहींत. परंतु या वेळीं ते उठूनही गेले नाहींत.