वर्कआउट संपवताना : त्यागाचे तीन प्रकार (गीता १८.४ ते १२)



आपलं रोजचं वाचन आता अठराव्या अध्यायात आलं आहे. आजचे श्लोक ४ ते १२. या अध्यायाची सुरुवात अर्जुनाच्या प्रश्नाने होते. संन्यास म्हणजे काय, त्याग म्हणजे काय, आणि या दोघांत फरक काय, असं तो विचारतो. सतरा अध्याय ऐकून झाल्यावर, युद्ध समोर उभं असताना, तो ‘सोडणं’ या क्रियापदाचा नेमका अर्थ विचारतोय. भगवंतही घाई करत नाहीत. ते सांगतात की त्याग तीन प्रकारचा असतो. यज्ञ, दान आणि तप ही कर्मं सोडायची नसतात, ती करायचीच असतात. पण त्यांची आसक्ती आणि त्यांचं फळ सोडायचं असतं. आणि मग ते तामस, राजस, सात्त्विक असे तीन त्याग एकेक करून उलगडतात.

हे श्लोक वाचताना मला आपल्या मनगटावरचं घड्याळ आठवलं. हसू नका, पुढे वाचा.

पुण्यात सकाळी सहाला पर्वतीला, तळजाईला किंवा वेताळ टेकडीला जा. दहातल्या चार-पाच मनगटांवर स्मार्टवॉच असतं. पायऱ्या सुरू करायच्या आधी सगळे थांबून घड्याळावर ‘स्टार्ट’ दाबतात. सुरू करण्यात कोणाचीच चूक होत नाही. गडबड होते ती संपवताना. गार्मिनसारख्या घड्याळांत थांबवायचं बटण दाबलं की पुढे पर्याय येतात : पुन्हा सुरू करा, जतन करा किंवा टाकून द्या. अ‍ॅपल वॉचवर स्क्रीन बाजूला सरकवली की ‘पॉज’ आणि ‘एंड’ दोन्ही दिसतात. म्हणजे थांबणं ही एकच गोष्ट नाही, हे घड्याळालाही कळतं. थोडं थांबणं वेगळं, पूर्ण संपवणं वेगळं, आणि केलेलं फेकून देणं वेगळं. अर्जुनाचा प्रश्न असाच होता.

पहिला : तामस त्याग

श्लोक ७ म्हणतो की आपलं नेमून दिलेलं कर्म मोहाने सोडून देणं हा तामस त्याग. इथे महत्त्वाचा शब्द ‘मोह’ आहे. मोह म्हणजे आपण काय करतोय आणि काय सोडलंय याचं भानच नसणं.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून, देवदेवेश्वराचं दर्शन घेऊन माणूस खाली उतरतो. चहा घेतो, मित्र भेटतो, गप्पा होतात. मग स्कूटरला किक मारून कोथरूडला घरी. घड्याळावर सेशन अजून चालूच! संध्याकाळी अ‍ॅप उघडलं की दिसतं, साहेब कर्वे रोडवरून ताशी तीस किलोमीटर वेगाने ‘चालत’ गेले. चहाच्या टपरीवरची वीस मिनिटं व्यायामात जमा. जीपीएस चालू राहिल्याने बॅटरीही निम्मी. काही घड्याळं ‘तुमचा व्यायाम संपला का?’ असं विचारतात, पण ती सूचना बघायलाही भान लागतंच.

गंमत बघा. व्यायाम केव्हाच सुटला होता. चालू होती ती फक्त व्यायामाची नोंद. आपल्या उपासनेचंही असंच होतं. माळ फिरत असते, जप मात्र तिसऱ्या मण्यालाच सुटलेला असतो आणि मन कालच्या मेलला उत्तर लिहीत असतं. पोथी उघडी असते, डोळे ओळींवरून सरकतात, पण वाचन सुटलेलं असतं. बाहेरून सगळं ‘चालू’. तामस त्याग हा असा असतो. तो बंडखोराचा त्याग नाही, बेसावध माणसाचा आहे.

आपल्यातले जे कोड लिहितात त्यांना हे लगेच कळेल. फाइल उघडली की बंद करायची, डेटाबेसचं कनेक्शन घेतलं की परत द्यायचं. नाही दिलं तर लगेच काही बिघडत नाही. प्रोग्रॅम चालत राहतो. पण उघडी राहिलेली कनेक्शनं साचत जातात आणि एक दिवस नवीन कनेक्शन मिळेनासं होतं. हिंजवडीहून घरी आलेला माणूस सातच्या कॉलमधला राग आठच्या जेवणाच्या ताटावर आणतो, तेव्हा हेच झालेलं असतं. ऑफिसचं सेशन बंद झालेलं नाही. बायको काय बोलतेय, मुलगी कोणतं चित्र दाखवतेय, या सगळ्याची नोंद चुकीच्या सेशनमध्ये होतेय.

दुसरा : राजस त्याग

श्लोक ८. कर्म दुःखाचं आहे असं म्हणून, शरीराला कष्ट होतील या भीतीने सोडणं हा राजस त्याग. भगवंत पुढे सांगतात की असा त्याग करणाऱ्याला त्यागाचं फळही मिळत नाही. कष्ट टळतात, पण शांती येत नाही.

हे समजायला टेकडीवर एक आठवडा पुरतो. पहिल्या दिवशी उत्साह, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, पाचव्या दिवशी अर्ध्या वाटेवर ‘एंड’. मग दिवसभर एक चुटपुट मागे राहते, कारण आपण का थांबलो हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

पण इथे जरा सांभाळून. हा श्लोक वाचून कोणी छातीत कळ येत असताना पायऱ्या चढू नये. गुडघा दुखावला असताना ‘राजस त्याग नको’ म्हणून पळू नये. हीच गीता सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप, जागरण हे सगळं बेताचं हवं म्हणते. सतराव्या अध्यायात तर हट्टाने शरीराला पिळवटून काढणाऱ्या तपाला ती आसुरी ठरवते. दुखापतीत थांबणं हा त्याग नाही, तो विवेक आहे. राजस त्याग तो, जिथे शरीर तयार असतं आणि मन नको म्हणतं. दोन्हीत बटण तेच दाबलं जातं, फरक आतल्या कारणात असतो.

तिसरा : सात्त्विक त्याग

श्लोक ९. ‘हे करायचंच आहे’ एवढ्याच भावनेने नेमलेलं कर्म करणं, आणि त्यातली आसक्ती व फळ सोडणं, हा सात्त्विक त्याग. इथे कर्म सुटत नाही. त्याला चिकटलेलं बाकीचं सुटतं.

चिकटलेलं म्हणजे काय? माझ्या टीममधल्या एका मित्राने मागे एक अनुभव सांगितला होता. त्याच्या परवानगीने लिहितोय. रोज ठरलेली मिनिटं चालून घड्याळातली वर्तुळं पूर्ण करायची, असा त्याचा वर्षाहून जास्त काळाचा नेम. एकही दिवस खंड नाही. एके रात्री त्याच्या वडिलांना अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं. साडेअकरा वाजता वडील स्थिर झाले, झोपले. याने घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं बाकी होती. तो उठला आणि कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागला. पाच मिनिटांनी पाणी प्यायला आत आला तर वडील जागे. ते म्हणाले, “अरे, बस ना इथे जरा.”

तो बसला. वर्तुळ सात मिनिटांनी उघडं राहिलं आणि मध्यरात्री वर्षभराची साखळी तुटली. तो मला म्हणाला, “सकाळी ते पाहून मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याचंच मग जास्त वाईट वाटलं.”

मला वाटतं, या एका वाक्यात नववा श्लोक आहे. चालणं चांगलंच होतं, तब्येतीसाठी होतं. पण हळूहळू चालण्याची जागा साखळीने घेतली. भगवंत ज्याला ‘संग’ म्हणतात तो हाच. तो वाईट गोष्टीला चिकटतो असं नाही. बहुतेक वेळा तो चांगल्या गोष्टीलाच चिकटतो, म्हणून ओळखू येत नाही. एकादशीचा उपास, रोजचं पारायण, शंभर दिवसांचा जप, यांनाही तो चिकटतो. त्या रात्री त्याचं नेमलेलं कर्म वडिलांच्या उशाशी बसण्याचं होतं. कष्टाच्या भीतीने त्याने चालणं सोडलं नव्हतं, म्हणून तो राजस त्याग नव्हे. भान सुटलं नव्हतं, म्हणून तामसही नव्हे. मात्र हेही खरं, की वडील घरी येऊन महिना झाल्यावरही त्याच प्रसंगाची सबब सांगून त्याने चालणं टाळलं असतं, तर तोच त्याग राजस झाला असता. एकच कृती काल सात्त्विक असते आणि आज नसते. रोज नव्याने बघावं लागतं.

अ‍ॅपलने २०२४ मध्ये वॉचओएस ११ आणलं, त्यात ही वर्तुळं काही दिवस थांबवून ठेवायची आणि तरी साखळी टिकवायची सोय दिली. चांगली सोय आहे, आजारपणात जरूर वापरा. पण ती साखळी वाचवते. साखळीची काळजी मनातून काढायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

वारीतला विसावा आणि मुक्काम

आपल्या महाराष्ट्रात थांबण्याचं शास्त्र कोणी जपलं असेल तर वारकऱ्यांनी. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. तिच्या रोजच्या दिवसाकडे बघा. निघण्याआधी तीनदा कर्णा वाजतो : पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला रांगेत यायचं, तिसऱ्याला चालायचं. वाटेत ‘विसावा’ असतो, तो पॉज. रात्री ‘मुक्काम’ असतो, तो एंड. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द.

आणि मुक्कामाला पोचलं की नुसतं पांगायचं नाही. तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकलं जातं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते, आरती होते, आणि मगच माणसं तंबूत जातात.

किती सुंदर समाप्ती आहे ही! दिवसाचं भांडण दिवसातच मिटवायचं. ज्याचं जे हरवलं ते त्याला परत द्यायचं. उद्याची वेळ ठरवायची. आणि झालेली चाल देवासमोर ठेवायची. पुण्याहून सासवडपर्यंत, दिवे घाट चढून, लांबलचक टप्पा चाललेला वारकरी ‘आज किती झाले?’ विचारत नाही असं नाही. तोही माणूसच आहे. आपल्यातले अनेकजण आयटी दिंडीतून हा टप्पा चालतात, तेव्हा मनगटावर घड्याळ असतंच, आणि त्यात काही वाईट नाही. फक्त चोप वर गेला की आकड्याचा टाळही थांबावा.

संपल्यानंतरची तीन मिनिटं

श्लोक ११ फार दिलासा देणारा आहे. देह असलेल्या माणसाला सगळी कर्मं पूर्णपणे सोडणं शक्यच नाही. जो फळ सोडतो तोच त्यागी.

अ‍ॅपल वॉचवर ‘एंड’ दाबल्यावर घड्याळ पुढची तीन मिनिटं हृदयाचे ठोके मोजत राहतं. याला रिकव्हरी म्हणतात. व्यायाम करताना ठोके किती वर गेले एवढंच बघून भागत नाही. थांबल्यावर ते किती लवकर खाली येतात, यावरून हृदयाची तंदुरुस्ती जास्त कळते.

साधकालाही हीच परीक्षा लागू करता येईल. आपण किती काम केलं, किती जप केला, कोणती मोठी जबाबदारी पेलली, हे सगळं ठीक. पण थांबल्यावर मन किती वेळात जागेवर येतं? प्रेझेंटेशन गाजलं, तर त्या कौतुकाचे ठोके किती तास चढेच राहतात? कोणी चारचौघांत टोचून बोललं, तर रात्री किती वाजेपर्यंत ते उत्तर मनात तयार होत राहतं? श्लोक १० म्हणतो की खरा त्यागी नकोशा कामाचा द्वेष करत नाही आणि आवडत्या कामात अडकत नाही. ठोके त्याचेही वाढतात, पण ते लवकर उतरतात. आणि ही गोष्ट सरावाने सुधारते. हृदयाची सुधारते तशीच मनाचीही.

ज्ञानेश्वरीचा शेवट आठवा. नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर माउली स्वतःपुरतं काही मागत नाहीत. तो सगळा वाणीचा यज्ञ विश्वात्मक देवापुढे ठेवतात आणि मागतात ते सगळ्यांसाठी. पसायदान आपण एरवी प्रार्थना म्हणून म्हणतो, पण एक मोठं काम कसं संपवावं याचा तो वस्तुपाठही आहे.

या आठवड्याचा अभ्यास

रोज एक तरी गोष्ट नीट संपवूया. टेकडी असेल, ऑफिसचा दिवस असेल, जप असेल. संपवताना तीन श्वास थांबायचं. पहिल्या श्वासाला विचारायचं, मी आत्ता का थांबतोय? भान सुटलंय, कंटाळा आलाय, की काम झालंय? दुसऱ्याला बघायचं, कोणाचा टाळ अजून वाजतोय का? कोणाला उत्तर द्यायचं राहिलंय, कोणाची माफी मागायची राहिलीय? तिसऱ्याला म्हणायचं, देवा, हे तुझं. आकडा चांगला असो, वाईट असो, तुझा.

आणि मग ‘एंड’ दाबायचं. खरोखर दाबायचं, आणि घरी जायचं.

उद्या श्लोक १३ पासून पुढे : कोणतंही कर्म घडायला लागणारी पाच कारणं. वाचून या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥