शेवटच्या नावाचा मान

उमेदवारी अर्जांची मुदत संपत आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात एकच विचारणा सुरू होते: पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाला मिळाला? आपल्याकडे पक्षाचं तिकीट बंद दाराआड ठरतं. मतदाराला सोडाच, कार्यकर्त्यालाही कुणी विचारत नाही. म्हणून ज्याच्यामागे पक्ष नाही, त्याच्यासाठी उघडा असलेला एकमेव दरवाजा म्हणजे अपक्ष अर्ज.

तो दरवाजा अरुंद आहे. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले. उल्हासनगर शहराचा काही भाग अंबरनाथ मतदारसंघात मोडतो. त्यामुळे घराजवळच्या माणसाची सहीसुद्धा छाननीत बाद ठरू शकते. अनामत दहा हजार. अंबरनाथची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव, तिथे पाच हजार. एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त.

हे नियम उगाच आलेले नाहीत. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या मोडाकुरिचीत एका जागेसाठी १,०३३ उमेदवार उभे होते. त्यानंतरही, २०१४ मध्ये, रायगडला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मतं पडली. मतदाराला चकवण्यासाठी किंवा माघारीचा भाव ठरवण्यासाठी अर्ज भरणं हा मताधिकाराशी द्रोह आहे.

पण अशांच्या पापाची शिक्षा प्रामाणिक माणसाला का? पाण्यासाठी, गटारासाठी, लोकलच्या गर्दीबद्दल वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करून थकलेला एखादा रहिवासी उभा राहतो, तेव्हा आपण लगेच म्हणतो, 'हा कुठे निवडून येणार?' उल्हासनगर महापालिकेत ७८ जागा, प्रभाग वीस. २०११ च्या जनगणनेनुसार एकेका प्रभागात सरासरी पंचवीस हजार लोक. पक्षाचे सहसा चार उमेदवार मिळून जिथे फिरतात, तिथे याला एकट्याला पोहोचायचं असतं. म्हणून 'निवडून येईल का' यापेक्षा 'कशासाठी उभा आहे' हा प्रश्न अधिक नैतिक आहे.

आणि लोक ऐकतात तेव्हा चित्र बदलतं. बदलापूर ज्यात येतं त्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये अपक्ष नीलेश सांबरे यांना दोन लाखांहून अधिक मतं मिळाली. ते हरले; पण एवढ्या मतदारांना हवा असलेला पर्याय यंत्रावर होता. उलट जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत अनेक जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या. तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी बटण दाबायचीही संधी उरली नाही.

मतदान यंत्रावर अपक्षांची नावं पक्षांच्या खाली, शेवटी येतात. तिथवर नजर नेणं आपल्या हातात आहे. अपक्ष उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा, दारात आला तर दोन मिनिटं थांबवून विचारा, 'का उभे राहिलात?' उत्तर पोकळ वाटलं तर मत देऊ नका. पण ऐकल्याशिवाय नाकारू नका. जिंकण्याची खात्री असलेल्यांनीच उभं राहायचं ठरलं, तर निवडण्याचं काम आपल्याआधी दुसरंच कुणी उरकून टाकेल.