उंबरठ्यावरचा दिवा

सज्जनहो, संस्कृतात देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर दिवा ठेवला की घरातही उजेड पडतो आणि अंगणातही. संतवाङ्मयाचे तसेच आहे. दाराबाहेर काय चालले आहे, तेही त्याच उजेडात पाहावे.

2025 सालच्या जुलैत आमच्या मीरा रोडला भाषेवरून कलह पेटला. मराठीवरून एका दुकानदारास मारहाण झाली. 3 तारखेस व्यापाऱ्यांचा मोर्चा, 8 तारखेस मराठी माणसांचा. आणि मध्ये 6 तारखेस आषाढी एकादशी! त्या रात्री भाईंदरला कीर्तन आटोपल्यावर एक तरुण पाया पडून म्हणाला, "बुवा, माऊलींनी मराठीचा अभिमान धरला. आम्ही धरला तर चुकलं कुठं?"

मी म्हटले, "बाळा, अभिमान चुकला नाही. पण माऊलींनी तो कसा धरला, ते बघ की!" शके 1212 त, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, त्यांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. संस्कृत न जाणणाऱ्या बायाबापड्यांस ज्ञानाचे दार बंद होते, ते त्यांनी मराठीने उघडले. त्यासाठी संस्कृतास वाईट म्हणावे लागले नाही.

आता नामदेवराय पाहा. ते पंजाबात गेले, तेव्हा परमुलखातल्या लोकांस उमजेल अशी बोली त्यांनी आपलीशी केली. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. म्हणून त्यांची मराठी आटली का? उलट त्यांच्याच पुण्याईने 2015 साली पंजाबातील घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले.

तात्पर्य काय, तर यजमानाने माऊलींकडे पाहावे आणि पाहुण्याने नामदेवरायांकडे. जेथे पोट भरते तेथली भाषा शिकावी, हे दुकानदाराचे कर्तव्य. आणि ती प्रेमाने शिकवावी, हे आपले.

माझेही सांगतो. पाठशाळेतून सुट्टीस घरी आलो, की मी आईचे उच्चार सुधारीत असे. एके दिवशी ती माझ्याशी बोलेनाशीच झाली. व्याकरण शुद्ध राहिले, घर मात्र मुके झाले. ज्ञानेश्वरी हाती आली तेव्हा माझी चूक मला दिसली. पण तोवर आई गेली होती.

तो तरुण क्षणभर गप्प राहिला. मी विचारले, "तुझ्या मुलाला किती ओव्या पाठ आहेत रे?" त्याने मान खाली घातली.

माऊली, दिवा तेथूनच लावू या. रामकृष्णहरि.