कुंपणापलीकडे गेलेला धूर

निर्गमाच्या 22 व्या अध्यायातील 6 वे वचन शेतकऱ्यांसाठी आहे. कोणी विस्तव पेटवला आणि तो कुंपणाच्या काट्यांतून शेजाऱ्याच्या पिकाला लागला, तर नुकसान पेटवणाऱ्याने भरून द्यायचे. आपण आपल्याच बांधाच्या आत पेटवला होता, एवढे सांगून त्याची सुटका होत नाही.

हे वचन आम्हांला गेल्या पावसाळ्यात देवळाच्या पायऱ्यांवर आठवले. उपासना संपली होती. तीन-चार बंधू पायऱ्यांलगत सिगारेट ओढीत उभे होते. शाब्बाथशाळेतील दम्याची एक मुलगी तेथेच आईची वाट पाहत होती. तिला खोकल्याची उबळ आली, श्वास लागला. औषधाचा पंप घरी राहिला होता. आम्ही त्या बंधूंना काहीच बोललो नाही. उघड्यावरचा धूर वाऱ्याबरोबर जातो, असे आम्हीही धरून चाललो होतो.

जातो हे खरे, पण जवळच्याच्या छातीतून जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 साली उघड्यावरचा धूर मोजला. ओढणाऱ्यापासून दीड-दोन फुटांवर, वाऱ्याच्या बाजूला, सिगारेट जळत असेपर्यंत तो घरातल्या धुराच्या तोडीचा असू शकतो. सुमारे 2 मीटरपलीकडे बराच विरळ होतो, व सिगारेट विझताच हवा लवकर निवळते. म्हणजे प्रश्न चार पावलांचाच आहे! बंद घरातला धूर याहून घातक, हेही सांगितले पाहिजे. पण दम्याच्या लेकराला थोडाही पुरतो.

2003 च्या कायद्याने ‘सार्वजनिक जागा’ या व्याख्येतून मोकळी जागा वगळली. 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी बसथांबे, रेल्वेस्थानके व स्टेडियम आत घेतले. देवळाचे अंगण कशात बसते, याचा कीस वकिलांनी काढावा. निपाणीच्या भागात विड्या वळून चूल पेटवणाऱ्या भगिनींना नावे ठेवण्यासाठीही आम्ही लिहीत नाही. जळालेले पीक धान्याने भरून देता येते. लेकराचा श्वास कशाने भरून द्यावा?

पुढल्या रविवारी आम्ही त्या बंधूंकडे गेलो, आधी आमच्या गप्प राहण्याची क्षमा मागितली, मग मुलीची गोष्ट सांगितली. एक जण चिडले. दुसरे, वयाने मोठे, काही न बोलता फाटकाबाहेरच्या चिंचेखाली गेले. आता ते तेथेच उभे राहतात. चिडलेले बंधूही हल्ली त्यांच्या सोबतीला जातात.