मन प्राणाचा धनी नव्हे

सर्दी आठवड्याभरात ओसरते, ताप उतरतो, नाक मोकळं होतं. छाती मात्र आवळलेलीच राहते. जिना चढताना मधेच कठडा धरून थांबावं लागतं, आडवं पडलं की खोकल्याची उबळ येते, देवघरातल्या उदबत्तीचा धूरही सोसत नाही. पहाटे प्राणायामाला बसावं तर कुंभक, म्हणजे रोखलेला श्वास, क्षणभरही टिकत नाही. ज्याची साधनाच श्वासावर उभी आहे त्याला मग शंका छळते: आपला निश्चयच कमी पडतोय का? जवळची माणसंही सांगतात, मन घट्ट कर, प्राणायाम वाढव. सल्ला मायेचा असतो, पण तो चुकीचा आहे. ज्या परंपरेच्या नावाने तो दिला जातो, तिलाही तो मान्य नाही.

विषाणू गेल्यावरही श्वासनलिकांचं आतलं अस्तर दुखावलेलं आणि सुजलेलं राहतं. सर्दीनंतरचा खोकला त्यामुळे तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो. तोवर गार हवा किंवा धूर एवढ्यानेही नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात. दबून असलेला दमाही कधीकधी अशा सर्दीनंतरच उघड होतो. यातलं काहीच निश्चयाच्या हुकमाने चालत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या तमक श्वासात पडशाचा उल्लेख येतो, रोग्याला बसल्यावर आराम पडतो आणि ढगाळ, थंड हवेत त्रास बळावतो. धूळ, धूर, वारा, गारठा ही श्वासरोगाची कारणंही तिथे दिली आहेत. त्यावर उपाय म्हणून औषध आणि पथ्य येतं, रोग्याच्या निर्धाराची झाडाझडती नव्हे.

योगशास्त्र याहून वेगळं बोलत नाही. पतंजलीने चित्त विचलित करणारे नऊ अंतराय मोजले, त्यांत पहिला आहे व्याधी. संशय आणि आळस हे त्याने वेगळे सांगितले आहेत. आजार म्हणजे निश्चयाचाच दुबळेपणा असता, तर त्याला यादीत स्वतंत्र जागा देण्याचं कारण नव्हतं. हठयोगप्रदीपिका तर स्पष्ट बजावते की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच प्राणही. अयोग्य अभ्यासाने उचकी, श्वासरोग आणि खोकला जडतो. सुजलेल्या श्वासनलिकांवर कुंभकाची सक्ती करणं म्हणजे या ग्रंथाचीच अवज्ञा.

यावर कुणी म्हणेल, भीतीने श्वास उथळ होतो आणि मन शांत झालं की छाती सैल पडते, हा अनुभव खोटा कसा? तो खरा आहे. घाबरलेल्या माणसाने सावकाश श्वास सोडला तर त्याला बरं वाटतं. पण मनाने त्रास वाढतो किंवा घटतो, एवढ्यावरून तो मनानेच निर्माण केला असं ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: प्राण हे विश्वव्यापी तत्त्व असेल, तर त्याला फुप्फुसांच्या सुजेशी का बांधायचं? याचं उत्तर छांदोग्य उपनिषदातल्या गोष्टीत मिळतं. श्रेष्ठ कोण, यावरून इंद्रियांचा वाद झाला. वाणी, डोळे, कान आणि मन पाळीपाळीने वर्षभर देह सोडून गेले. देह तरीही तगला. प्राण निघू लागला तेव्हा मात्र बाकीच्यांचे पाय उखडले आणि त्यांनी हार मानली. हरलेल्यांत मनही होतं, हे आपण विसरतो. शिवाय प्राणाचं श्रेष्ठत्व सिद्ध झालं ते देहातच, देहाला वगळून नव्हे. म्हणून श्वास ऐकत नाही याचा अर्थ मन नापास झालं असा होत नाही. मन मुळातच त्याचं मालक नाही.

हे पटलं तर आचरणही बदलतं. कुंभक काही आठवडे बाजूला ठेवून मनातल्या मनात नामस्मरण करता येतं आणि उदबत्तीवाचून पूजा अपुरी राहत नाही. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा खोकला आठ आठवड्यांपलीकडे गेला, तर तपासून घ्यायला हवं. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर क्षणाचाही उशीर नको. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर ओढणं हा श्रद्धेचा पराभव नाही. ज्या प्राणापुढे मनासकट सगळ्या इंद्रियांनी मान तुकवली, त्याची ती सेवाच आहे.